हायब्रिड गाडी ताब्यात घेतल्यापासून घाट आणि पुरापर्यंत: सातारा-सांगलीच्या चालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मे महिन्याची सुट्टी संपली की ओळखीच्यांपैकी कोणाचा तरी फोन येतोच: गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी होती, आता बटण दाबले तर काहीच होत नाही, किल्लीने दरवाजाही उघडत नाही. दुसरा ठरलेला फोन पाचगणीहून उतरताना येतो: इंजिन अचानक मोठ्याने ओरडू लागले आहे, गाडी बिघडली का? आणि पावसाळ्यात सांगलीहून येणारा तिसरा फोन, गाडी पुरात बुडाल्याचा, सर्वांत काळजीचा असतो. या तिन्ही प्रसंगांत चूक गाडीची नसते. एकतर गाडी साध्या पेट्रोल गाडीसारखी वापरली गेलेली असते, नाहीतर ती पूर्ण विजेवर चालणारी आहे असे मानलेले असते. हायब्रिडला स्वतःची वेगळी शिस्त लागते. ती क्रमाने पुढे दिली आहे.

## टप्पा १: आपली हायब्रिड नेमकी कोणती, हे ठरवा

कागदावर "हायब्रिड" असा एकच शब्द दिसत असला तरी त्याखाली तीन वेगवेगळ्या गाड्या मोडतात आणि पुढचे बहुतेक नियम त्या फरकावर अवलंबून आहेत.

माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. इंजिन बंद ठेवून गाडी पुढे सरकत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी ओढू शकते आणि मोठी बॅटरी ब्रेक लावताना व इंजिनाकडून आपोआप भरते. तिला वायर लावून चार्ज करायचे नसते. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटी ई-एचईव्ही यांच्या हायब्रिड आवृत्त्या या गटातल्या आहेत. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा. त्याची बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरच्या विजेवर भरावी लागते. आपल्याकडे हा प्रकार प्रामुख्याने महागड्या परदेशी गाड्यांतच दिसतो.

येथे सर्वांत जास्त फसगत होते ती हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्याबाबत, कारण २०२२ पासून त्या एकाच नावाने माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत विकल्या गेल्या आहेत.

तपासा: चाचणी फेरीत एसी चालू ठेवून ब्रेक हळूच सोडा. इंजिन बंद असताना गाडी काही मीटर चालली तर ती स्ट्राँग आहे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा ही चाचणी अधिक भरवशाची आहे.

## टप्पा २: ताबा घेण्याच्या दिवशी

पेढे आणि हार यांच्या गडबडीत पुढील गोष्टी राहून जातात, म्हणून त्या पूजेच्या आधी करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे १२ व्होल्टची छोटी बॅटरी कोठे आहे आणि जंपर केबल कोठे लावायची, हे प्रत्यक्ष दाखवायला सांगा; काही गाड्यांत ती बॉनेटखाली असते, काहींत डिकीत. दुसरी गोष्ट म्हणजे स्मार्ट किल्लीच्या आत लपवलेली धातूची किल्ली स्वतःच्या हाताने काढून चालकाचा दरवाजा एकदा तिने उघडून पाहा. तिसरी म्हणजे मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा केबिनमधून आत घेतली जात असेल, तर तिची जाळी कोठे आहे ते बघून ठेवा. बहुतेक गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते.

वॉरंटीची अट वाचून सही करा. टोयोटा, मारुती आणि होंडा हायब्रिड बॅटरीवर साधारणपणे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढी वॉरंटी देतात. मात्र अधिकृत ठिकाणी वेळेवर केलेल्या सर्व्हिसची नोंद नसेल तर दावा अडचणीत येतो.

सावधान: बाहेरून सीएनजी किट बसवून घेण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नका. स्ट्राँग हायब्रिडचे इंजिन संगणकाच्या आज्ञेने सारखे बंद-चालू होत असते. त्यात बाहेरचे किट घुसवले की वॉरंटी जाते आणि बिघाडाचे मूळ शोधणेही अवघड होते.

## टप्पा ३: सुरू करणे आणि बंद करणे

हे वाचून अनेकांना वाटेल की यात शिकण्यासारखे काय आहे. परंतु माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तक्रारी याच टप्प्यावर सुरू होतात.

१. ब्रेक पेडल घट्ट दाबून मगच बटण दाबा. ब्रेकशिवाय बटण दाबले तर फक्त दिवे आणि रेडिओ लागतात आणि ते सगळे छोट्या बॅटरीवर चालतात.

२. डॅशबोर्डवर हिरवा "रेडी" दिवा लागला का ते पाहा. इंजिनाचा आवाज येणार नाही. "रेडी" लागला म्हणजे गाडी सुरू झाली.

३. उतरताना आधी पार्किंग गिअर, मग पार्किंग ब्रेक, मग बटण, आणि शेवटी "रेडी" विझल्याची खात्री, हा क्रम कधीही बदलू नका.

सावधान: आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे असे समजून "रेडी" अवस्थेत गाडी सोडून जाणे धोक्याचे आहे. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. बंद गॅरेजमध्ये किंवा घराखालच्या पार्किंगमध्ये असे झाले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्या वायूला वास नसतो.

कोणाची वाट पाहत थांबायचे असेल आणि एसी किंवा गाणी हवी असतील, तर गाडी "रेडी"मध्ये, पार्किंग गिअरला आणि मोकळ्या हवेत ठेवावी. अशा वेळी मोठी बॅटरी छोटीला भरत राहते.

## टप्पा ४: गावातले चालवणे

गर्दीत हायब्रिडचा खरा फायदा मिळतो, कारण थांबताना वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत जाते. त्यासाठी एकच सवय लावायची: सिग्नल किंवा गतिरोधक दिसताच लांबूनच, हलक्या पायाने ब्रेक दाबायला सुरुवात करावी. डॅशबोर्डवरचा काटा "चार्ज"च्या पट्ट्यात जितका जास्त वेळ राहील तितके पेट्रोल वाचते. जोरात आणि उशिरा ब्रेक लावला तर नेहमीचे ब्रेक पॅड काम करतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते.

"ईव्ही" बटण दाबून सारखे विजेवर चालवण्याचा हट्ट धरू नका. बॅटरी रिकामी झाली की तीच वीज इंजिनाला पेट्रोल जाळून परत भरावी लागते. ते बटण पहाटे सोसायटीतून बाहेर पडण्यापुरते ठेवावे, बाकीचा निर्णय गाडीवर सोडावा.

आनेवाडी किंवा तासवडे टोलच्या रांगेत अनेकजण जुन्या सवयीने न्यूट्रल टाकतात. न्यूट्रलमध्ये इंजिन मोठी बॅटरी भरू शकत नाही, आणि एसी मात्र त्याच बॅटरीवर चालू असतो. रांग लांब असेल तर पार्किंग गिअर, छोटी असेल तर "डी" आणि ब्रेक.

महामार्गावर सरळ, एकसारख्या वेगाने जाताना बचत कमी होते. पुण्याला जाऊन आल्यावर सरासरी घसरलेली पाहून गाडीत दोष शोधू नये. टायरमधली हवा तेवढी तपासावी.

## टप्पा ५: घाट

सातारा जिल्ह्यातल्या माणसाला घाट टाळता येत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी, कासला जाताना यवतेश्वर, पाचगणीसाठी पसरणी, चिपळूणला उतरताना कुंभार्ली. त्यामुळे या टप्प्यावर मी जास्त जागा घेत आहे.

चढताना. घाट सुरू होण्यापूर्वी "ईव्ही" मोड बंद करा आणि एकसारखा वेग धरा. पाय पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी त्या मानाने हळू वेग घेते, ही या गाड्यांच्या गिअर-रचनेची रीत आहे. क्लच घसरल्याची लक्षणे ती नव्हेत, कारण नेहमीच्या अर्थाने बदलायचा गिअर त्यात नसतोच. बॅटरीचे घर रिकामे होत आले की ताकद थोडी कमी जाणवते. त्या क्षणी उसाच्या ट्रॉलीला ओलांडण्याचा विचार करू नका. पुढच्या सपाटीवर बॅटरी सावरली की मग ओलांडा.

उतरताना. येथे थोडा हिशेब सांगणे आवश्यक आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे आणि वाई सुमारे ७०० मीटरवर. माणसांसह दीड टनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा दोन युनिटांहून अधिक ऊर्जा मोकळी होते. युनिट म्हणजे आपल्या वीज बिलावरचेच. त्यातला काही भाग टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातो. पण हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या बॅटरीची सगळी क्षमता मिळून ०.७६ युनिट आहे, आणि आयुष्य टिकावे म्हणून गाडी त्यातला फक्त मधला भाग वापरते. म्हणजे निम्मा घाट उतरण्याआधीच बॅटरी भरते आणि उरलेली ऊर्जा ठेवायला जागा राहत नाही.

ज्यांना हे ठाऊक नसते ते पहिली चार-पाच वळणे निर्धास्त उतरतात, कारण ब्रेक हलका दाबला तरी गाडी छान आवरते. मग बॅटरीची शेवटची रेघ भरते, तोच पाय, तोच दाब, आणि गाडी किंचित जास्त धावते. मी पहिल्यांदा पसरणी उतरलो तेव्हा नेमके हेच झाले. सारा भार ब्रेक पॅडवर आला आणि वाईच्या जवळ येईपर्यंत चाकांतून जळका वास येत होता. शेजारी बसलेल्या आईने काच खाली केली आणि "अरे, काहीतरी करपतंय" म्हणाली, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि वीस मिनिटे थांबलो. चूक माझी होती. घाटाच्या माथ्यावरच गिअरच्या दांड्यावरचे "बी", म्हणजे उतारावर गाडी जास्त अडवणारे स्थान, टाकायला हवे होते.

योग्य क्रम असा:

१. उतार सुरू होण्यापूर्वी, वेग कमी असतानाच "बी" निवडा. ज्या गाडीत स्टिअरिंगमागे पाती आहेत, तिच्यात त्यांनी अडवण्याची पातळी वाढवा.

२. बॅटरी भरल्यावर गाडी इंजिनाला फिरवून वेग अडवते. त्या वेळी इंजिन मोठ्याने ओरडते. पाय सोडलेला असतानाही आवाज वाढला म्हणून घाबरू नका. गाडी आपल्याला आवरत आहे.

३. तरीही वेग वाढला तर ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा आणि सोडा. सतत हलका दाबून ठेवू नका.

४. सपाटीला आल्यावर "डी" परत टाका. सपाट रस्त्यावर "बी" ठेवल्याने केवळ पेट्रोल वाया जाते.

सावधान: पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकण्याची सवय हायब्रिडमध्ये दुप्पट नुकसानीची आहे. ब्रेक पॅड सोडले तर गाडी आवरणारे काही उरत नाही आणि फुकट मिळणारी वीजही हातची जाते.

## टप्पा ६: छोटी बॅटरी

मोठी बॅटरी शेकडो किलोमीटर गाडी नेऊ शकणाऱ्या यंत्रणेचा भाग असली, तरी तिची वीज गाडीला जोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतो. छोटी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी निर्जीव होते. ती पुरती उतरण्याआधी नुसती कमकुवत झाली तरी डॅशबोर्डवर हायब्रिड यंत्रणेच्या बिघाडाचे दिवे लागू शकतात, आणि मालक मोठ्या बॅटरीच्या खर्चाच्या धास्तीने खचतो. म्हणून असे दिवे दिसल्यास सर्वप्रथम छोट्या बॅटरीचा दाब मोजून घ्या.

गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर घरच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा ती उघड्या जागी "रेडी"मध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगा. नुसते बटण दाबून दिवे लावल्याने बॅटरी उलट उतरते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस यंत्र चोवीस तास वीज पीत असेल तर तेही काढून ठेवा.

उतरलीच, तर जंपर केबल या क्रमाने लावा:

१. दोन्ही गाड्या बंद. लाल केबलचे एक टोक आपल्या गाडीच्या धन टर्मिनलला किंवा बॉनेटखाली त्यासाठी दिलेल्या लाल झाकणाच्या जागी.

२. लाल केबलचे दुसरे टोक मदतीच्या गाडीच्या धन टर्मिनलला.

३. काळ्या केबलचे एक टोक मदतीच्या गाडीच्या ऋण टर्मिनलला, आणि दुसरे आपल्या गाडीत बॅटरीपासून दूर असलेल्या उघड्या धातूला.

४. मदतीची गाडी काही मिनिटे सुरू ठेवा, मग ब्रेक दाबून आपली गाडी "रेडी" करा. केबल काढताना क्रम उलटा.

धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर इन्व्हर्टरसारखे (मोठ्या बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) महागडे भाग जळू शकतात, त्यामुळे केबल लावणारा कितीही अनुभवी असला तरी प्रत्येक टोक स्वतः पाहा. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा ट्रक किंवा ट्रॅक्टर सुरू करून देऊ नका. आणि या गाड्या ढकलून सुरू होत नाहीत. चार माणसे गोळा करण्यात अर्थ नाही.

तपासा: बॅटरी डिकीत किंवा केबिनमध्ये असेल तर बदलताना वायू बाहेर सोडणारी नळी असलेली, त्याच प्रकारची बॅटरी घ्या. स्वस्तातली साधी बॅटरी तेथे चालत नाही.

## टप्पा ७: देखभाल

हवेच्या जाळीवर चादर, पिशव्या किंवा हळदीचे पोते ठेवू नका. ऊस हंगामात वाळवा, पलूस, कराड भागातल्या रस्त्यांवर धूळ आणि पाचटाचा भुसा इतका असतो की जाळीतला फिल्टर नेहमीच्या मुदतीपूर्वीच भरतो. मागच्या सीटखालून पंख्याचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येऊ लागला तर फिल्टर साफ करून घ्या. मोठी बॅटरी तापली की गाडी ताकद कमी करते.

कूलंटच्या टाक्या पुष्कळदा दोन असतात: इंजिनाची आणि इन्व्हर्टरची. दोन्हींत पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी कदापि नको. इंजिन ऑइलही पुस्तिकेतल्या श्रेणीचेच, सहसा अगदी पातळ, वापरायचे.

एसीबद्दल विशेष लिहावे लागेल. या गाड्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, तो उच्च दाबाच्या विजेवर चालतो, आणि त्यात विजेला अडवणारे विशिष्ट तेल असते. गॅस भरताना नेहमीच्या गाड्यांचे तेल गेले तर कॉम्प्रेसरच्या आतले इन्सुलेशन निकामी होते. कोपऱ्यावरचा मेकॅनिक मनापासून मदत करत असला तरी एसीचे काम त्याच्याकडे देऊ नका, किंवा आधी त्याला तेलाचा प्रकार विचारा.

ब्रेक पॅड कमी झिजतात हे खरे, पण कमी वापरामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, दोन-तीनदा ठाम ब्रेक लावा. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या केबलला मात्र कोणीही हात लावू नये. शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का हे सर्व्हिसच्या वेळी पाहायला सांगा.

## टप्पा ८: प्लग-इन असेल तर

घरी चार्जिंगची सोय करण्याआधी वीज बिलावर "मंजूर भार" किती आहे ते पाहा आणि तो अपुरा असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. चार्जिंगसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत अर्थिंग नावापुरतेच असते. एक्स्टेन्शन बोर्डवर तासन् तास चार्जिंग केल्याने पिन वितळतात.

वळिवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. पाचगणी किंवा महाबळेश्वरला राहत असाल तर सकाळी खाली उतरण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरू नका. घाटात मिळणाऱ्या विजेसाठी जागा ठेवा. आणि महिनोन् महिने विजेवरच चालत असाल तर टाकी भरून ठेवू नका: इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते. थोडे पेट्रोल ठेवा आणि ते अधूनमधून संपवा.

## टप्पा ९: पूर

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत पाणी लवकर शिरते, हे तेथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. हायब्रिडची मोठी बॅटरी बहुधा मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी, म्हणजे जमिनीपासून फार उंच नसलेल्या जागी असते. म्हणून पाणी ४० फुटांकडे सरकू लागले की गाडी विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंच भागात हलवा. ४५ फुटांची वाट पाहू नका.

गाडी बुडालीच, तर क्रम असा:

१. बटण दाबू नका. "सुरू होते का बघू" या एका प्रयत्नात वाचू शकणारे इंजिन आणि इन्व्हर्टर दोन्ही जातात.

२. पाणी ओसरेपर्यंत गाडीजवळ जाऊ नका. ओसरल्यावर बाहेरूनच, पाण्याच्या रेषेसह, फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.

३. सर्व्हिस सेंटरला ही हायब्रिड आहे आणि पाण्यात होती हे स्पष्ट सांगा. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग प्रशिक्षित माणसानेच काढायचा असतो.

४. गाडी सपाट पाटाच्या क्रेनवरूनच न्या. पुढची चाके जमिनीवर फिरली तर मोटरही फिरते आणि वीज तयार होते. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे म्हणूनच वर्ज्य आहे.

५. वाळलेली दिसली तरी काही दिवस ती घरापासून आणि इतर गाड्यांपासून दूर, उघड्यावर ठेवा. पाणी शिरलेली बॅटरी उशिरानेही पेट घेऊ शकते.

विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच, इंजिन संरक्षणाच्या जोड-पॉलिसीत हायब्रिड बॅटरी आणि मोटर धरली आहे का हे लेखी विचारून घ्या.

## टप्पा १०: जुनी हायब्रिड घेताना

सर्व्हिसच्या नोंदी आणि मोठ्या बॅटरीच्या तपासणीचा ताजा अहवाल मागा. मग गाडी उजेडात उभी करून डिकीतले आच्छादन उचला, स्टेपनीचा खळगा बोटाने पुसा, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या खालच्या भागावर मातीची रेघ आहे का ते पाहा, आणि मागच्या सीटच्या पायांचे बोल्ट गंजले आहेत का ते बघा. सीटबेल्ट नवा कोरा आणि बाकी गाडी जुनी असेल, तर तो का बदलला हे विचारा. खळग्यात बारीक, पिठासारखा सुकलेला गाळ बोटाला लागला, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी घेऊ नका.